उत्तरभागाचा अधिकार

झाशीहून ग्वाल्हेरकडे जाताना डबरा गावाच्या अलीकडे-पलीकडे, सिंध आणि पार्वती या नद्यांच्या संगमाजवळ पवाया नावाचे एक लहान खेडे लागते. भवभूतीने ‘मालतीमाधवा’त वर्णिलेली पद्मावती नगरी ती हीच, असे संशोधकांनी ठरविले आहे, आणि ज्या कालप्रियनाथाच्या यात्रेत या कवीची नाटके रंगभूमीवर आली, ते देवस्थान महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या मते झाशीच्या ईशान्येस यमुनाकाठी वसलेल्या काल्पीचे होय. विदर्भातील पद्मपुरात जन्मलेला आणि बुंदेलखंडाच्या वेशीवर कीर्ती मिळविलेला हा नाटककार आम्हा झाशीकर मराठी मंडळींना दोन्ही अंगांनी आपला वाटतो. मुलांच्या ॲनिमेशनपटांच्या उत्तरभागांविषयी लिहिण्यास बसलो असता प्रथम त्याचेच स्मरण झाले, कारण पूर्वभाग आणि उत्तरभाग यांची तुलना करण्याचा प्रश्न आपल्या वाङ्मयात जितका त्याच्या निमित्ताने उभा राहिला, तितका अन्य कोणाच्याही निमित्ताने क्वचितच राहिला असेल.

भवभूतीने रामकथेवर दोन नाटके लिहिली. ‘महावीरचरित’ रामाच्या तारुण्यापासून राज्याभिषेकापर्यंतचा पराक्रम सांगते. ‘उत्तररामचरित’ राज्याभिषेकाच्या पुढे सुरू होते. पहिल्यात युद्धे, राक्षस आणि विजय असूनही रसिकांचा कौल शतकानुशतके दुसऱ्याच्या बाजूने पडत आला, तो का, हे पहिल्या अंकातच समजते. लक्ष्मण राम-सीतेस भिंतीवरील चित्रे दाखवितो, आणि ती चित्रे त्यांच्याच गतायुष्याची असतात. उत्तरभागाचा आरंभ असा पूर्वभागाच्या दर्शनाने होतो खरा. परंतु ती चित्रे पाहून सीतेस अरण्याची जी ओढ लागते, त्याच ओढीच्या निमित्ताने तिला रथात बसवून वनात सोडण्यात येते. पुढे बारा वर्षे लोटतात. राम पंचवटीत परत येतो तेव्हा जेथे ओढा होता तेथे वाळू झालेली असते, दाट झाडी विरळ आणि विरळ होती ती दाट झालेली असते, केवळ डोंगर जागच्या जागी असल्यामुळे हे तेच अरण्य अशी खूण पटते. आणि सीतेने स्वतःच्या हातांनी वाढविलेले हत्तीचे पिल्लू आता मोठा गज होऊन आपल्या सहचरीसह हिंडत असते. (पंचवटीत नारोशंकराचे जे देवालय आहे ते बांधणारा नारोशंकर हाच झाशीचा मराठी सुभेदार होता, म्हणून हा अंक वाचताना येथील माणसाचे मन थोडे अधिकच गुंतते.) ते हत्तीचे पिल्लू मोठे झालेले दाखविण्याचे भवभूतीला सुचले, यातच उत्तरभागाच्या कलेचे सगळे मर्म सामावलेले आहे, असे माझे मत आहे.

जिवंत नटांच्या चित्रपटात काळ आपोआप शिरतो. दहा वर्षांनी तोच नट पुन्हा उभा राहिला, तर त्याच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या दिग्दर्शकाची परवानगी घेऊन येत नाहीत. रेखाटलेल्या आकृतीचे तसे नाही. तिला वय नसते. निर्मात्याने ठरविले तर ती पन्नास वर्षे त्याच तोंडवळ्याची, त्याच उंचीची, तीच गाणी गाणारी राहू शकते. म्हणूनच ॲनिमेशनपटाच्या उत्तरभागाला जुनेच पुन्हा दाखविण्याचा मोह सर्वाधिक होतो, आणि म्हणूनच ज्या उत्तरभागाने आपल्या बालकाला मोठे होऊ दिले त्याचे मोल अधिक. त्यातही प्रेक्षक लहान असतो. आपल्याला तेच ते मिळाले, अशी तक्रार त्याला करता येत नाही. जे दिले जाते तेच कथा होय, असे तो समजून चालतो. त्याच्या वतीने ती तक्रार करणे हे मोठ्यांचे काम आहे.

येथे एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. मूळ दिग्दर्शकाच्या हातून उतरला तोच खरा उत्तरभाग, परक्याने केला तो केवळ व्यापार, असे पुष्कळांस वाटते. झाशीच्या माणसाला हा युक्तिवाद पटणे कठीण आहे. १८५३ च्या नोव्हेंबरात झाशीचे राजे गंगाधरराव यांनी मृत्युशय्येवर दामोदररावांस दत्तक घेतले; कंपनी सरकारने ते दत्तक अमान्य करून १८५४ साली संस्थान खालसा केले, आणि रक्ताचा नाही म्हणून वारस नाही या न्यायाविरुद्ध या शहराने काय केले ते जगाला ठाऊक आहे. दत्तकाला नाव आणि दौलत मिळते ती पूर्वजांचे ऋण फेडण्याच्या अटीवर. उत्तरभागाचा अधिकारही मला तसाच वाटतो. मूळ कृतीने जे ऋण शिल्लक ठेवले ते फेडणारा, मग तो कोणाच्याही हातचा असो, खरा वारस. आणि केवळ नाव लावून दौलतीवर हक्क सांगणारा वारस नव्हे. आमच्याच राणीच्या माहेरच्या नावाचे उदाहरण घ्यावे. २०१९ साली ‘मणिकर्णिका’ हा चित्रपट आला, आणि २०२१ च्या जानेवारीत ‘मणिकर्णिका रिटर्न्स’ या नावाने जो पुढील चित्रपट जाहीर झाला तो दहाव्या शतकातील काश्मीरच्या दिद्दा राणीविषयी होता. दिद्दा राणीचे चरित्र स्वतंत्र चित्रपटास सर्वथा योग्य आहे. पण त्यासाठी मणिकर्णिकेला परत यावयास लावणे मनाला खटकते. राणीच्या मागे खरोखर जी कथा उरली, ती आईच्या पाठीवर बांधलेल्या त्या दत्तक मुलाची, जो पुढे इंदुरास गेला आणि १९०६ पर्यंत जगला. तिला मात्र कोणी हात घातला नाही.

आता भारतीय ॲनिमेशनपटांकडे वळतो. २१ ऑक्टोबर २००५ रोजी व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके यांचा ‘हनुमान’ प्रदर्शित झाला. रामनवमीच्या शोभायात्रा आणि मंगळवारची मारुतीची देवळे यांत वाढलेल्या येथील मुलांना त्याचे जे अप्रूप वाटले, ते चित्रांच्या सफाईमुळे नव्हे, कारण सफाईत तो परदेशी चित्रपटांच्या जवळपासही नव्हता. ते वाटले सूर्याला फळ समजून झेप घेणाऱ्या त्या गुबगुबीत बालकामुळे. चित्रपटाच्या पूर्वार्धात खोडकर बाल-हनुमान आहे आणि उत्तरार्धात रामकार्याला वाहिलेला प्रौढ दास. या दोहोंच्या मध्ये ऋषींच्या शापाने आलेले स्वशक्तीचे विस्मरण आहे. बालपणी असलेले सामर्थ्य विसरावे आणि कोणीतरी आठवण करून दिल्यावर ते पुन्हा लाभावे, ही कथा मुलांना उपदेशाशिवाय कळते. माझ्या मते आपल्याकडच्या ॲनिमेशनपटांत त्या चित्रपटाइतका सरळ मनाचा दुसरा चित्रपट फार काळ झाला नाही.

दोन वर्षांनी, डिसेंबर २००७ मध्ये, ‘रिटर्न ऑफ हनुमान’ आला. दिग्दर्शक निराळा, अनुराग कश्यप; चित्रे रेखाटणारी संस्था निराळी, तिरुवनंतपुरमची टून्झ. येथे हनुमान पृथ्वीवर एका लहान मुलाच्या रूपाने जन्म घेतो, मारुती या नावाने शाळेत जातो, आणि दांडगट मुलांच्या त्रासाने रडकुंडीला आलेल्या एका दुबळ्या मुलाचा मित्र होतो. स्वर्गातील देव संगणकांपुढे बसलेले दाखविले आहेत. पुष्कळ वडीलधाऱ्यांना हे मानवले नाही, आणि हनुमंत चिरंजीव असता त्याला परत यावयाचे कारण काय, ही त्यांची शंकाही निराधार नव्हती. तरीही मी या उत्तरभागाची बाजू घेईन. पहिल्या चित्रपटाने एक ऋण शिल्लक ठेवले होते: तो बाल-हनुमान इतका लाडका झाला होता की प्रत्येक मुलाला तो आपल्या वर्गात, आपल्या बाकावर हवा होता, आणि रामायणाच्या कथेत त्याला सवंगडी मिळणे शक्य नव्हते. दुसऱ्या चित्रपटाने त्याला सवंगडी दिला. शाळेच्या वाटेवर रोज मार खाणाऱ्या मुलाला देव पाहिजे असतो तो बरोबरीच्या मित्राच्या रूपात, ही जाणीव त्या कथेत खरी आहे. तिचा उत्तरार्ध राहू-केतूंच्या आणि जगबुडीच्या गोंगाटात हरवतो, ही मात्र मोठी हानी. मित्राची गोष्ट सांगता सांगता चित्रपटाला पुन्हा पराक्रमाचा मोह पडला.

पुराणकथेवर आधारलेल्या प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या चित्रपटाला उत्तरभाग म्हणावे का, हाही विचार करण्याजोगा मुद्दा आहे. ‘बाल गणेश’ २००७ साली आला आणि त्याच नावाचे आणखी चित्रपट पुढे निघाले. त्यांत बाप्पाच्या लीला एकीपुढे एक ओवल्या आहेत. लीलेला काळ नसतो. आजीने काल एक सांगितली, आज दुसरी, उद्या पुन्हा पहिली. अशा चित्रपटांवर वाढीची अट घालणे अन्यायाचे होईल.

परंतु जेथे मूळ कथाच वाढीची आहे, तेथे वाढ थांबविणे हा अपराध होय, आणि त्याचे सर्वांत दुःखद उदाहरण आपल्याच मध्य भारतातील अरण्याचे आहे. किपलिंगने मोगलीची कथा सिवनीच्या डोंगरांत, वैनगंगेच्या काठी मांडली; तीच वैनगंगा पुढे भंडारा-गडचिरोलीतून वाहते. १८९४ साली पहिले पुस्तक आले आणि १८९५ साली दुसरे. त्या दुसऱ्या पुस्तकाच्या अखेरीस मोगली सतरा वर्षांचा होत आलेला असतो, लांडगा अकेला मरून गेलेला असतो, अस्वल बाळू जवळजवळ आंधळे झालेले असते. वसंत ऋतूत त्या तरुणाला आपल्यालाच न उमजणारी अस्वस्थता लागते आणि तो जंगल सोडून माणसांकडे जातो. लेखकाचा स्वतःचा उत्तरभाग असा होता. डिस्नेने १९६७ साली केलेला चित्रपट मूळ पुस्तकाहून पुष्कळ निराळा, हसता-नाचता आहे, आणि तो तसा असण्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याचाही शेवट पाणी भरणाऱ्या मुलीमागे मोगली गावात जातो असा, वाढीच्याच दिशेने झालेला आहे. मग छत्तीस वर्षांनी, २००३ साली, त्याच कंपनीने ‘द जंगल बुक २’ काढला. छत्तीस वर्षांत प्रेक्षकांच्या दोन पिढ्या झाल्या, मोगली मात्र होता तेवढाच राहिला. त्याला जंगलाची आठवण येते, तो परत पळतो, बाळूबरोबर तेच जुने गाणे एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा गातो, वाघ पुन्हा सूड घेण्यास निघतो आणि पुन्हा हरतो. १९६७ चा मोगली ज्या उंबरठ्यावरून आत गेला, तेथून त्याला मागे ओढून आणण्यापलीकडे त्या चित्रपटाने काहीही साधले नाही.

ही त्या एकट्या चित्रपटाची गोष्ट नव्हती. त्या काळी ती एक रीतसर पद्धत झाली होती. १९९४ साली ‘अल्लादीन’चा पुढचा भाग ‘द रिटर्न ऑफ जाफर’ चित्रगृहांत न आणता थेट कॅसेटींवर विकण्यात आला, त्यातील जिनीला पूर्वीचा रॉबिन विल्यम्सचा आवाजही नव्हता, तरी तो विकला गेला. आणि मग सिंड्रेलापासून बँबीपर्यंत जुन्या चित्रपटांचे स्वस्तातले उत्तरभाग दशकभर निघत राहिले. अखेर २००६ साली डिस्नेने पिक्सार विकत घेतल्यावर, नव्या कारभाऱ्यांनी पुढच्याच वर्षी ही पद्धत बंद करण्याचे ठरविले.

पिक्सारचे स्वतःचे उदाहरण याच्या अगदी उलट दिशेचे आहे. १९९५ साली आलेला ‘टॉय स्टोरी’ हा संपूर्णपणे संगणकावर घडविलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्याचा दुसरा भागही आरंभी कॅसेटीसाठीच योजला होता. पुढे तो चित्रगृहांसाठी करण्याचे ठरले, आणि झालेले काम असमाधानकारक वाटल्यावर सुमारे नऊ महिन्यांत जवळजवळ नव्याने करून १९९९ साली प्रदर्शित झाला. परंतु मला येथे सांगावयाचे आहे ते २०१० च्या तिसऱ्या भागाविषयी. तो आधीच्या भागांचा दिग्दर्शक जॉन लॅसेटर याने नव्हे, ली अनक्रिचने दिग्दर्शित केला. त्याच्या आरंभी खेळण्यांचा धनी असलेल्या अँडीच्या बालपणीच्या घरगुती चित्रफिती दिसतात, भवभूतीच्या चित्रदर्शनासारख्याच. आणि लगेच कळते की अँडी आता सतरा वर्षांचा असून महाविद्यालयात निघाला आहे. पहिल्या भागात ज्या मुलाने अँडीला आवाज दिला होता, तोच आता तरुण होऊन त्याला आवाज देतो; त्या एका निवडीमुळे, ज्या चेहऱ्याला काळ स्पर्श करू शकत नव्हता, त्याच्या कंठात मात्र काळ शिरला. शेवटी अँडी लहानग्या बॉनीपुढे बसतो, एकेक खेळणे खोक्यातून काढून त्याची ओळख करून देतो, आणि खोक्याच्या तळाशी त्याचा सर्वांत लाडका वूडी निघतो. तो अँडीने ठेवलेला नसतो. बॉनी हात पुढे करते, अँडीचा हात क्षणभर मागे सरतो, आणि मग तो वूडीबद्दल सांगू लागतो. हा मागे सरलेला हात पहिल्या भागात शक्यच नव्हता. त्याला पंधरा वर्षे लागली. चित्रगृहात लहान मुलांपेक्षा त्यांना घेऊन आलेली मोठी माणसेच अधिक रडली, याचे मला मुळीच नवल वाटले नाही.

त्याच संस्थेचा ‘द इनक्रेडिबल्स’ २००४ चा आणि त्याचा दुसरा भाग २०१८ चा. दिग्दर्शक तोच, ब्रॅड बर्ड. प्रेक्षकांची चौदा वर्षे गेली, पात्रांचा एक क्षणही गेला नाही. पहिला भाग जेथे संपला तेथेच दुसरा सुरू होतो. कारागिरी निःसंशय वाढली आहे, पण मुलगी त्याच वयाची, बाळ तेवढेच. मूळ दिग्दर्शक असणे पुरेसे नाही, हे यावरून दिसावे.

२०२४ च्या जूनमध्ये ‘इनसाइड आउट २’ हिंदीत आला तेव्हा आमच्या शेजारच्या मराठी कुटुंबातील सहावीतली मुलगी तो पाहून आली. पहिला भाग २०१५ चा, म्हणजे तो आला तेव्हा ती दोन-तीन वर्षांची. तिच्या दृष्टीने दुसरा भाग हाच मूळ. पुढे घरी पहिला पाहिल्यावर ती मला म्हणाली, “आजोबा, यातही आनंदाला बाहेर टाकतात आणि ती चालत परत येते, हे तर मी आधीच पाहिलंय!” तिची टीका बिनचूक होती. दोन्ही भागांत आनंदाची भावना मनाच्या कचेरीतून बाहेर पडते आणि स्मृतींचा प्रदेश तुडवून परतते; सांगाडा एकच. तरीही मी तिला विचारले, की मग दोहोंतले काय लक्षात राहिले? ती जरा थांबून म्हणाली, “ती हॉकीच्या वेळी बाकावर बसते ना, आणि तिला श्वासच घेता येत नाही, ते.” तेरा वर्षांची नायिका रायली खेळातून काही मिनिटांसाठी बाहेर काढली गेली आहे, छातीत धडधडते आहे, चिंता तिच्या मनात वावटळीसारखी फिरते आहे, आणि हाताला बाकाचे लाकूड लागते, ऊन दिसते, श्वास हळूहळू परत येतो. अकरा वर्षांच्या रायलीच्या कथेत हे येऊ शकत नव्हते. परीक्षेच्या हंगामात आमच्या गल्लीतील किती मुले अशीच बसलेली असतात! तो एक प्रसंग त्या उत्तरभागाचा अधिकार सिद्ध करतो. बाकीच्या पुनरुक्तीसकट मी त्याला वारस मानतो.

उत्तरभाग काढण्यामागे तिकीट-खिडकीचा हिशेब असतो, हे खरे. आणि तो हिशेब तुच्छ नव्हे, कारण ॲनिमेशनपटावर शेकडो कारागिरांची वर्षानुवर्षांची मेहनत खर्ची पडते. पण हिशेबाचीही बाजू आता स्पष्ट झाली आहे. जगातील सर्वाधिक उत्पन्नाचा ॲनिमेशनपट आज एक उत्तरभागच आहे: २०२५ च्या जानेवारीत आलेला चीनचा ‘नेझा २’, ज्याने दोन अब्ज डॉलर ओलांडले. तोही पुराणातल्या एका हूड बालकाचाच. पहिल्या भागाच्या शेवटी ज्या दोन मुलांनी आपली शरीरे गमावली, त्या हानीपासून दुसरा भाग सुरू होतो. पहिल्यानंतर सुमारे सहा वर्षांनी तो आला. घाई करून कोणी श्रीमंत झाल्याचे या उदाहरणात तरी दिसत नाही.

हे सर्व आता आमच्या जिल्ह्याच्या दाराशी आले आहे. झाशी जिल्ह्यात बेतवेच्या काठी एरच नावाचे प्राचीन गाव आहे. तीच हिरण्यकश्यपूची राजधानी आणि होळीची जन्मभूमी, अशी येथील परंपरागत श्रद्धा. २५ जुलै २०२५ रोजी अश्विन कुमार दिग्दर्शित ‘महावतार नरसिंह’ प्रदर्शित झाला, आणि भारतीय ॲनिमेशनपटाला कधी नव्हे एवढा प्रेक्षक मिळाला. येथील मुलांनी तर तो आपल्याच नदीची गोष्ट म्हणून पाहिला. त्याच्या पुढील भागांची यादी आधीच जाहीर झाली आहे: परशुराम, मग रघुनंदन, द्वारकाधीश, गोकुळानंद, आणि २०३७ पर्यंत कल्की. या यादीत वामन नाही. नरसिंहाचा खरा उत्तरभाग तर तोच आहे. प्रल्हादाचा पुत्र विरोचन, आणि विरोचनाचा बळी. ज्या बालकासाठी खांब दुभंगला, ते बालक भागवताच्या आठव्या स्कंधात म्हातारे होऊन परत येते, आणि पाहते काय, तर त्याच विष्णूने आपल्या नातवाला बांधून घातले आहे. आजोबा काय बोलतात, नातवाकडे पाहतात की देवाकडे, आणि लहानपणीची ती निःशंक भक्ती या वयात कोणते रूप घेते, हे दाखविण्याइतका मोठा प्रसंग कोणत्याही ॲनिमेशन-निर्मात्याला हुडकून सापडणार नाही. आम्हा मराठी माणसांच्या घरी तर दिवाळीच्या पाडव्याला बळीची पूजा होते आणि त्याचे राज्य पुन्हा यावे अशी प्रार्थना केली जाते. त्या घरांतील मुलांना बळी हा दैत्य म्हणून नव्हे, आपला राजा म्हणून ठाऊक असतो. अश्विन कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांपाशी प्रल्हादाचा चेहरा तयार आहे. त्यांनी परशुरामाचा चित्रपट अवश्य करावा, पण यादीत वामनासाठी एक जागा मोकळी करावी, आणि त्या चेहऱ्यावर पांढरे केस व सुरकुत्या काढण्यास लागतील तितकी वर्षे घ्यावीत.